तिजोरी रिकामी करायची कॅन्सस पद्धत

समजा उद्या तुम्हाला एखादं राज्य चालवायला मिळालं, तर घाबरू नका, फक्त बेरीज-वजाबाकी विसरा, बाकी सगळं जमतं. खोटं वाटत असेल तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक बघा. 2012 मध्ये साहेबांनी इन्कम टॅक्सचा वरचा दर 6.45 वरून 4.9 टक्क्यांवर आणला आणि सांगितलं की हे म्हणजे इकॉनॉमीच्या काळजात अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. सल्लागार कोण, तर टॅक्स कमी केला की महसूल वाढू शकतो हे कागदावर रेघ वळवून दाखवणारे आर्थर लॅफर. फी 75,000 डॉलर. एवढे मोजल्यावर सल्ला चुकेल का हो?

आता खरी गंमत ऐका. एलएलसी (मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपन्या) वगैरेंचा जो नफा थेट मालकाच्या खिशात जातो त्यावर राज्याचा इन्कम टॅक्स शून्य केला, म्हणजे हॉटेलातला वेटर टॅक्स भरणार आणि हॉटेलचा मालक नाही! अशी सूट घेणारे तीन लाखांच्या वर निघाले. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल कोचची बहुतेक कमाईसुद्धा एलएलसीतून यायची म्हणे. तुम्ही अजून पगारच घेताय? कठीण आहे तुमचं.

तिजोरीला भगदाड पडलं की रस्त्यांच्या फंडात हात घाला, तिकडे लोक त्या फंडाला 'बँक ऑफ केडॉट'च म्हणायला लागले होते, केडॉट म्हणजे कॅन्ससचं वाहतूक खातं. 2015 मध्ये पैसे आटले म्हणून एकदोन ठिकाणी शाळांनी वर्ष आधीच गुंडाळलं. पोरं खूश, आणि पोरांना मत कुठे असतं? मग त्याच वर्षी सेल्स टॅक्स 6.15 वरून 6.5 टक्के करा, किराण्यावरसुद्धा. मालकाला माफी आणि दूध-अंडी घेणाऱ्या बाईकडून वसुली, याला म्हणतात ग्रोथ.

इलेक्शनचं टेन्शन घेऊ नका. 2014 मध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या शंभरावर आजी-माजी नेत्यांनी उघडपणे डेमोक्रॅट उमेदवाराला पाठिंबा दिला, तरी साहेब आले निवडून. 2017 मध्ये मात्र सभागृहांत त्यांच्याच पक्षाचं बहुमत असताना त्यांचा व्हेटो धुडकावून बहुतेक सूट परत काढून घेतली, आता घरच्यांनीच केल्यावर कोणाला सांगणार.

तुमचं काय होईल म्हणता? काही नाही. 2018 मध्ये साहेबांना वॉशिंग्टनने जगभरच्या धर्मस्वातंत्र्याचे राजदूत केलं. श्रद्धेचा अनुभव दांडगा होताच.