सीओच्या सहीने फारकत होत नाही: फौजींच्या घटस्फोटावरच्या फॉरवर्डला उत्तर

‘सर्व फौजी बांधवांनी सेव्ह करून ठेवा’ अशा धाटणीचा एक मजकूर माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुन्हापुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फौजीच्या घटस्फोटाचा कायदा वेगळा असतो. स्टँपपेपरवर फारकत लिहून सीओची (कमांडिंग ऑफिसरची) सही घेतली की काम झालं. बायको दोन वर्षं वेगळी राहिली की लग्न आपोआप संपतं. फौजीच्या पगाराला कोर्ट हात लावू शकत नाही, म्हणून पोटगी द्यावी लागत नाही. बॉर्डरवर असताना तारीख चुकली की एकतर्फी निकाल, मग काही करता येत नाही. संसार दहा वर्षं टिकला असेल तर निम्मी पेन्शन बायकोची. आणि बायकोने युनिटकडे तक्रार केली की नोकरी गेलीच.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. दोनतीन वाक्यांत खऱ्याचा अंश आहे, आणि त्याच वाक्यांनी सर्वांत जास्त नुकसान होतं. त्यांवर विसंबून नवरा तारखेला जात नाही आणि बायको अर्जच करत नाही. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. हा मजकूर मोबाईलवर दाखवत ‘यात तर असं लिहिलंय’ म्हणणारे पक्षकार दोन्ही बाजूंनी येतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी स्टँपपेपर, कारण सर्वांत जास्त घरं याच वाक्याने बुडतात. सैनिकाचं लग्न मोडतं ते इतर कोणाचंही मोडतं त्याच कायद्याने. हिंदू असेल तर 1955 चा हिंदू विवाह कायदा, रजिस्टर लग्न असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा, ख्रिस्ती असेल तर 1869 चा घटस्फोट कायदा, मुस्लिम असेल तर त्यांचा व्यक्तिगत कायदा. वर्दीने यात काही बदलत नाही. घटस्फोटाला सीओची परवानगी लागत नाही आणि सीओला घटस्फोट देण्याचा अधिकारही नाही. नोटरीसमोर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहिलेल्या फारकतीला कायद्यात जवळपास काहीच किंमत नाही. ज्या समाजात रूढीने घटस्फोट चालत आला आहे त्यांच्यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये वाट ठेवली आहे, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते.

कागद कुठे अडतो ते बघा. लग्न, मुलाचा जन्म, घटस्फोट अशी प्रत्येक घटना युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापली जाते आणि तिथून रेकॉर्ड ऑफिसला जाते: तोफखान्याच्या जवानाची नाशिक रोडला, मराठा लाईट इन्फंट्रीच्या जवानाची बेळगावला. पुढे पेन्शनची कागदपत्रं बनतात ती याच नोंदींवरून. घटस्फोटाची नोंद करायला कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत लागते. स्टँपपेपरच्या भरवशावर जवानाने दुसरं लग्न केलं तर कागदोपत्री पहिलीच बायको राहते. जवान हयात आहे तोवर कोणाला काही जाणवत नाही. तो गेल्यावर दुसरी बायको दोन लेकरं घेऊन फॅमिली पेन्शनसाठी जाते आणि रेकॉर्डला नाव तिचं नसतंच. कायद्याने ती पत्नी ठरत नाही. मुलांचे हक्क हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे शाबूत राहतात, तिचे राहत नाहीत. शिवाय पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हा आहे, आणि सैन्याच्या नियमांतही त्यावर कारवाई होते. ज्या बाईने काहीच चूक केलेली नाही तिच्या पदरात हे सगळं पडतं.

दोघांना खरंच सुटायचं असेल तर सरळ रस्ता आहे: परस्पर संमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 ब. किमान वर्षभर वेगळं राहणं, मग एकत्र अर्ज, त्यानंतर सहा महिन्यांनी दुसरा टप्पा. समेटाची शक्यताच उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा हे विषय मिटलेले असतील तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. रजेचा हिशेब मांडून वकिलाला आधी सांगितलं तर जवानाचं हे काम बहुतेक दोन सुट्ट्यांत बसतं.

‘दोन वर्षं वेगळं राहिलं की आपोआप घटस्फोट’ हे वाक्य तर फौजी घरासाठी क्रूर आहे. सियाचीन, लेह, तवांगच्या पोस्टिंगवर कुटुंब नेता येत नाही, म्हणून बायको गावी सासूसासऱ्यांजवळ राहते. तिने घर सांभाळलं, तेच तिच्याविरुद्ध वापरायचं? कायद्यातला परित्याग म्हणजे सलग दोन वर्षं, सबळ कारण नसताना, नातं कायमचं तोडण्याच्या इराद्याने सोडून जाणं. इराद्याशिवाय परित्याग होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच स्पष्ट केलं, तेही मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात. संमतीच्या घटस्फोटातलं ‘वेगळं राहणं’सुद्धा पतिपत्नी म्हणून न राहणं या अर्थाने घेतात. पोस्टिंगमुळे पडलेलं अंतर त्यात मोजलं जात नाही. आणि आपोआप तर काहीच होत नाही, हुकूमनामा लागतोच.

आता पगार. इथे खऱ्याचा अंश आहे. सेना कायदा 1950 च्या कलम 28 प्रमाणे दिवाणी किंवा महसुली न्यायालयाला हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी सैनिकाचा पगार आणि भत्ते जप्त करता येत नाहीत. फॉरवर्ड इथे थांबतो. त्याच कायद्याची कलम 90 आणि 91 पुढे सांगतात की पत्नी आणि मुलांच्या पोषणासाठी, मग मूल औरस असो वा अनौरस, सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने पगारातून थेट कपात करता येते. पहिलं कलम अधिकाऱ्यांसाठी, दुसरं जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) आणि जवानांसाठी. म्हणजे सावकाराला जो दरवाजा बंद आहे, तो बायकोमुलांसाठी कायद्याने मुद्दाम उघडा ठेवला आहे.

यासाठी बायकोने युनिटकडे लेखी अर्ज करायचा. नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचं उत्तर येतं, आणि निर्णय वरच्या पातळीवर होतो. 2001 च्या आर्मी ऑर्डरमध्ये प्रमाण दिलं आहे: पत्नीला पगार आणि भत्त्यांच्या 22 टक्के, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, सगळं मिळून जास्तीत जास्त 33 टक्के. ‘निम्मा पगार बायकोला’ अशी उलटी भीती घालणारेही असतात, त्यांनाही हेच उत्तर.

पोटगीसाठी कोर्टाची वाटही खुली आहे. भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे पूर्वीचं सीआरपीसी 125, सैनिकालाही लागू होतं. आदेश मोडला तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. सैनिकाला अटकेपासून जे संरक्षण आहे ते दिवाणी आणि महसुली कोर्टाच्या कर्जवसुलीपुरतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही कलम 20 खाली पगारातला भाग थेट पीडितेला द्या असं मालकाला सांगण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या 2020 च्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. एका ठिकाणी मिळणारी रक्कम दुसऱ्या अर्जात सांगणं बंधनकारक आहे. ती लपवली तर बायकोचंच प्रकरण कमजोर होतं, हे माझ्या पक्षकार बायकांना मी पहिल्याच दिवशी सांगते.

तारीख चुकण्याबद्दल. समन्स सैनिकाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत पाठवावं, अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे (आदेश 5, नियम 28). गावच्या दाराला समन्स चिकटवून पत्नीपक्ष मोकळा झाला असेल तर तिथेच हरकत घेता येते. रजा मिळत नसेल तर त्याच संहितेच्या आदेश 28 प्रमाणे वडिलांना, भावाला किंवा आणखी कोणाला आपल्या वतीने दावा चालवण्याचं अधिकारपत्र देता येतं. रजा मिळाली तर तिचा दाखला कोर्टापुढे ठेवा. सेना कायद्याच्या कलम 32 नुसार अशी सुनावणी शक्यतो त्या रजेच्या मुदतीतच संपवायची असते. वकिलांनाही हे कलम अनेकदा ठाऊक नसतं आणि जवान पुढची तारीख घेऊन रिकाम्या हाताने युनिटला परततो. त्याचा मला खरोखर राग येतो.

युद्धस्थितीत किंवा कायद्याने ठरवलेल्या खास परिस्थितीत सेवेत असलेल्यांसाठी तर 1925 चा भारतीय सैनिक (दावे) कायदा आजही लागू आहे. त्याखाली दावा स्थगित ठेवता येतो, झालेला निकाल रद्द करून घेता येतो, मुदतीच्या मोजणीतही सवलत मिळते. पीस स्टेशनला, म्हणजे शांततेच्या ठिकाणी पोस्टिंगवर असलेल्याने मात्र या कायद्याच्या भरवशावर बसू नये. त्याच्यासाठी एकतर्फी निकाल रद्द करून घेण्याचा नेहमीचा अर्ज आहे, आणि मुदत 30 दिवसांची: निकालापासून, किंवा समन्स नीट बजावलंच नसेल तर निकाल कळल्यापासून.

निम्म्या पेन्शनचा दावा फारसा वेळ घेण्यासारखा नाही. दहा वर्षांची गोष्ट अमेरिकेतली. तिथे 1982 च्या कायद्याने राज्यांच्या न्यायालयांना सैनिकाची निवृत्तीची रक्कम वैवाहिक मालमत्ता म्हणून वाटण्याची मुभा दिली. दहा वर्षांचं लग्न आणि त्याच काळात दहा वर्षांची सेवा ही अट आहे ती सरकारी खात्यातून थेट पैसे मिळण्यापुरती, हक्कासाठी नव्हे. भारतात पेन्शनची अशी वाटणी होतच नाही. पोटगी ठरवताना पेन्शन उत्पन्न म्हणून धरली जाते, इतकंच. उलट बायकांनी लक्षात ठेवायचं ते वेगळंच आहे: हुकूमनामा झाला की फॅमिली पेन्शनचा आणि ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) तिचा हक्क संपतो. म्हणून एकरकमी पोटगीचा आकडा मान्य करताना या दोन गोष्टींचं मोल त्यात धरलं पाहिजे. मुलांचे हक्क जात नाहीत. नवऱ्यानेही ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंडाचं नॉमिनेशन त्याच आठवड्यात तपासावं. गोव्यात लग्न नोंदवलेल्यांचा मामला वेगळा: तिथल्या नागरी संहितेप्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक असते आणि घटस्फोटात तिची वाटणी होते.

राहिली तक्रार. नुसत्या तक्रारीने नोकरी जात नाही. चौकशी होते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. मारहाण झाली असेल, खर्चाला पैसे येत नसतील, तर बायकोने युनिटला कळवणं हा तिचा हक्क आहे आणि तो वापरताना कचरू नये. मात्र 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका लष्करी अधिकाऱ्याचं प्रकरण आलं. पत्नीने थेट लष्करप्रमुखांपर्यंत बदनामीकारक तक्रारी केल्या होत्या, चौकशी बसली, त्याच्या बढतीवर परिणाम झाला. न्यायालयाने ती मानसिक क्रूरता मानून घटस्फोट दिला. तेव्हा तक्रारीत तारीख, घटना आणि पुरावा असेल तेवढंच लिहावं, ऐकीव काही घालू नये.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी 2025 पासून ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू झाली आहे. चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. जाताना लग्नाचा दाखला, पार्ट टू ऑर्डरची प्रत आणि मिळाली तर शेवटची पे स्लिप सोबत न्या.