‘धूम्रपान नाही’ म्हणजे तंबाखू नाही, असे नव्हे

नाशिकमध्ये सध्या मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे असे आहे : आपल्याकडे धूम्रपान नगण्य असल्याने जीवनशैलीचे ‘जोखीम घटक’ (आजाराची शक्यता वाढवणाऱ्या सवयी) आपल्याला लागू नाहीत, व्यायामशाळेत न जाणाऱ्या शेतकऱ्याला सर्वेक्षणे आळशी ठरवतात, आणि तंबाखू खाऊनही आजोबा नव्वदी गाठतात, तेव्हा या घटकांना अर्थच नाही.

धूम्रपान कमी आहे हे खरे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, पण धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे प्रश्न विडी-सिगारेटपुरताच ठेवला, तर तंबाखू वापरणारे बहुतेक लोक नोंदीबाहेर राहतात. सिन्नर किंवा दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या आजींना ‘धूम्रपान करता का’ असे विचारले, तर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील. ‘सकाळी मिश्री लावता का’ असे विचारल्यावर त्याच कदाचित ‘हो’ म्हणतील, कारण मिश्री ही भाजलेल्या तंबाखूची पूड असली तरी लावणाऱ्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू असते. म्हणूनच सर्वेक्षणातल्या तंबाखू वापराच्या व्याख्येत ‘कोणत्याही स्वरूपातील तंबाखू’ असे लिहून भागत नाही. मिश्री, चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा अशी एकेक नावे घेऊन, रोज की अधूनमधून, सध्या की पूर्वी, हे वेगवेगळे विचारावे लागते.

शेतकऱ्याबद्दलचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ‘व्यायाम करता का’ एवढेच विचारणारी पाहणी त्याच्यावर अन्यायच करते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, ये-जा आणि फावला वेळ या तिन्हींतले श्रम मोजते. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांची शिफारस आहे, आणि निफाडच्या द्राक्षबागेत राबणारी मजूर बाई ती एका दिवसात ओलांडू शकते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणारे गृहस्थही ती गाठतात. मात्र उरलेला दिवस ते खुर्चीतच काढत असतील, तर त्या बसण्याची नोंद ही प्रश्नावली वेगळी घेते.

राहिले आजोबा. जोखीम म्हणजे समूहातली वाढलेली शक्यता. प्रत्येकाचे भविष्य नव्हे. शिवाय नव्वदीतले आजोबा आपल्यासमोर असतात, पन्नाशीत तोंडाच्या कर्करोगाने गेलेला त्यांचा सोबती उदाहरण द्यायला उरत नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयी आधी नोंदवून पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यातले मृत्यू मोजले. त्या पद्धतीत गेलेल्यांचीही गणना होते.