ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून पाम बीचला शिकायचं म्हणे

परवा आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरत आला, 'पॉवरफुल गाडी घसरली तर? खऱ्या ड्रायव्हरच्या पाच गोष्टी' वाला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर चाक जागीच गरगरायला लागलं की ते आवरणारी यंत्रणा) बंद करा कारण त्याने ड्रायव्हर आळशी होतो, गाडी घसरली की ब्रेक दाब-सोड दाब-सोड करा, स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेने फिरवा, पावसात टायरची हवा कमी ठेवा, आणि रात्री दोननंतर नवी मुंबईतला पाम बीच रोड मोकळा असतो तिथे चार रात्री प्रॅक्टिस करा, गाडी आयुष्यभर हातात. खाली टाळ्यांचा पाऊस. मी दुर्लक्षच करणार होतो पण माझ्या मावसभावाने नुकतीच मागच्या चाकांवर चालणारी, २८० च्या वर हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक गाडी घेतलीय आणि त्याने हाच मेसेज पाठवून विचारलं, "दादा, शनिवारी येतोस का सोबत?"

तर आधी ते ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण. मान्य आहे, चिखलात किंवा वाळूत गाडी रुतली तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा लागतो, कारण चाक थोडं फिरल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. तेवढंच खरं. पण ओल्या डांबरी रस्त्यावर? बऱ्याच गाड्यांत त्याच बटणाने ईएसपीही, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, बंद किंवा ढिला होतो, आणि ईएसपी जे करतो ते माणसाला करताच येत नाही. उजव्या वळणावर मागचा भाग बाहेर सुटायला लागला की तो फक्त पुढच्या डाव्या चाकाला ब्रेक लावतो, नाक परत बाहेर खेचतो. तुमच्याकडे ब्रेकचं पेडल एकच आहे, ते चारही चाकांना लागतं. एका चाकाला ब्रेक कसा लावणार, सांगा ना. १९९७ मध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मॅगझिनच्या टेस्टमध्ये, अचानक डावी-उजवी करताना उलटली, तेव्हा कंपनीने शेवटी त्या गाडीत ईएसपी स्टँडर्ड करून टाकला. आणि भावाच्या गाडीसारख्या इलेक्ट्रिकमध्ये तर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, शून्यापासूनच पूर्ण मिळतो, वर जास्त रीजेनवर (पाय उचलला की मोटरच गाडी अडवून बॅटरी चार्ज करते ते) ठेवून पाय एकदम उचलला तर मागची चाकं ब्रेक लागल्यासारखी अडतात. म्हणजे घाबरून पाय उचलला तरी गाडी मागून सुटू शकते. अशा गाडीत ते बटण दाबून 'शिकायचं'?

ब्रेक दाब-सोड करण्याबद्दल फार बोलत नाही. हा सल्ला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्यांचा आहे आणि आपल्याकडे २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचा आहे. तो सेकंदाला कितीतरी वेळा दाब-सोड करतो, आपला पाय त्याच्या जवळपासही जात नाही. समोर काही आडवं आलं तर पूर्ण दाबा, दाबून ठेवा आणि स्टिअरिंगने बाजूला काढा. पायाखाली घर्रघर्र होतं तेव्हा काहीतरी तुटलं असं वाटून लोक पाय उचलतात, तिथेच घात होतो.

आता स्टिअरिंग, कारण इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. घसरण्याच्या दिशेने म्हणजे नक्की कुठल्या? मागचा भाग डावीकडे सुटला तर स्टिअरिंग डावीकडे, हे बरोबर. पण पुढची चाकं घसरली, म्हणजे स्टिअरिंग वळवलंय आणि गाडी सरळच चाललीय, तर उपाय वेगळा: रेस हळू सोडायची आणि स्टिअरिंग थोडं परत उघडायचं, म्हणजे चाकं पुन्हा पकडतात. तिथे लोक उलट अजून पिळतात. आणि मागचा भाग सावरला तरी काम संपत नाही, स्टिअरिंग वेळेत सरळ नाही आणलं तर गाडी झोका घेते आणि दुसऱ्या बाजूला जास्त जोरात सुटते. बरेच जण पहिल्या नाही, त्या दुसऱ्या झोक्याला डिव्हायडरवर जातात.

हे सगळं मला पाठ होतं बरं का, तेव्हासुद्धा. काही वर्षांपूर्वी, जूनचा पहिला पाऊस, तुर्भ्याला एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर, सेकंडहँड घेतलेली मागच्या चाकांची सेडान आणि ते बटण मीच हौसेने दाबलेलं. पहिल्या पावसाचा रस्ता म्हणजे ट्रकांचं गळलेलं डिझेल, ऑइल, वर उन्हाळ्याची धूळ आणि त्यावर थोडंसंच पाणी, साबणच. वळताना जरा रेस दिली, स्पीड पस्तीसच्या आसपास असेल, आणि मागचा भाग माझ्या शेजारी आला. नियम पाठ होता पण हात गोठले. नजर पूर्ण वेळ डिव्हायडरवरच्या त्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवर होती आणि गाडी बरोबर तिथेच गेली. थांबलो तेव्हा तोंड आलो त्या दिशेला, आणि समोर एक टेम्पोवाला शांतपणे वायपर चालवत बघतोय.

त्यानंतर चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर एक दिवसाचं ट्रेनिंग केलं. मोठी मोकळी जागा, पाणी मारून ओली केलेली, स्पीड चाळीस, ट्रेनर बाजूला. तो दिवसभर एकच गोष्ट ओरडत होता, की जायचंय तिथे बघ. पहिले दहा-बारा वेळा मी गरागरा फिरलो. जेवणानंतर कधीतरी हात आपोआप उलटे जायला लागले, म्हणजे मला कळायच्या आधी, सीटमधून कंबरेला जाणवतं ना मागचं सुटणं, तेव्हाच. मेसेज वाचून कंबरेला काही कळत नाही हो. आणि तिथे डिव्हायडर नव्हता, म्हणून दहा वेळा चुकता आलं.

पाम बीचला तेच चुकता येत नाही, हाच माझा मुख्य आक्षेप. रस्ता सरळ आणि रुंद दिसतो म्हणून स्पीड वाढतो. कोरड्यात ८० वरून पूर्ण ब्रेक मारला तर साधारण तीसेक मीटरमध्ये थांबेल अशी गाडी ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट जाऊ शकते, म्हणजे साठ मीटर, आणि रात्री दोनला पण तिथे कामावरून परतणारे बाईकवाले असतातच. धोकादायक ड्रायव्हिंगचं १८४ कलम लागेल ते वेगळंच.

आणि हवा कमी करायची आयडिया तर कहर आहे. ही आलीय बीचवरून, वाळूत हवा काढतात कारण टायर पसरला की रुतत नाही. पाण्यावर उलटं होतं. टायर पाण्यावर तरंगायला कुठल्या स्पीडला लागतो याचं एक जुनं गणित आहे, नासाच्या लोकांनी विमानांच्या टायरसाठी काढलेलं: हवेच्या पीएसआयचं (पंपावर टायरचा दाब मोजतात ते माप) वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे विमान-जहाजांच्या स्पीडच्या मापात. ३३ पीएसआयला ते ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास येतं, २५ ला ८३. कारला ते तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच, म्हणजे हवा काढून तुम्ही तरंगण्याचा स्पीड स्वतःच खाली आणला. त्यापेक्षा टायर गोटा झालाय का बघा, खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की कायद्यानेच तो टायर बाद, आणि मुसळधार पावसात तर त्याच्या बऱ्याच आधी बदललेला बरा, कारण पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचांचंच.

शनिवारी मी गेलो भावासोबत, पण पाम बीचला नाही, पेट्रोल पंपावर. इलेक्ट्रिक गाडी पंपावर आणली म्हणून हवावाला पोरगा हसत होता. मागच्या दोन्ही टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा आठ पीएसआय कमी निघाले. मी भावाकडे बघितलं, तो मोबाइलमध्ये बघत होता.