मग्सी बोग्जला बिचारा करू नका

आठवडाभर साताऱ्यातल्या पालकांच्या मोबाईलवर एक फॉरवर्ड फिरतोय. 'मग्सी बोग्ज, उंची 5 फूट 3 इंच. प्रत्येक कोचनं हाकललं, तरी निव्वळ जिद्दीवर एनबीए जिंकली. आपले खाशाबा तरी कुठं उंच होते?' काल एका वडिलांनी तो बास्केटबॉल कोर्टावरच माझ्यासमोर धरला. ''सर, मग आमच्या बारक्याला बाहेर का बसवता?''

बोग्ज हा एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेला गडी. फॉरवर्डमधली उंची तेवढी बरोबर आहे.

'प्रत्येकानं हाकललं.' छे! 1986 मध्ये जागतिक स्पर्धा जिंकलेल्या अमेरिकेच्या संघात तो होता. 1987 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तेव्हा, वॉशिंग्टननं पहिल्याच फेरीत, 12 व्या क्रमांकावर घेतला. बाल्टिमोरच्या डनबार शाळेतले त्याचे दोन जोडीदार, रेगी विल्यम्स आणि रेगी लुईस, त्याच फेरीत गेले. अशा पोरांत वाढलेला गडी बिचारा कसा? वर्षभरानं वॉशिंग्टननं हात सोडला हे खरं, पण शार्लटच्या नव्या संघानं लगेच उचलला.

'एनबीए जिंकली.' 14 हंगाम खेळला, विजेतेपद एकही नाही.

'निव्वळ जिद्द' हे मात्र मला फार खटकतं. बोग्ज पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा. त्यानं बॉल सांभाळून पुढं न्यायचा आणि जो मोकळा झालाय त्याच्या हातात नेमक्या क्षणी द्यायचा. बोग्जचा ड्रिबल (बॉलला टप्पे देत नेणं) इतका खाली की साडेसहा फुटी गडी वाकेपर्यंत हा पसार. ज्यावर जोडीदार बास्केट करतो त्या पासला असिस्ट म्हणतात. असे एकूण 6,726, म्हणजे सामन्याला साडेसात. बचावात समोरच्याच्या ड्रिबलखाली हात घालायचा, असे हिसकावलेले बॉल, म्हणजे स्टील, 1,369. बॉल तर क्वचितच गमवायचा. हे हात घडवावे लागतात, दोन्ही. आमच्याकडं पहिल्याच दिवशी पोरांना लांबून मारायचा तीन गुणांचा थ्री-पॉइंटर हवा असतो. डाव्या हातानं ड्रिबल करा म्हटलं की सगळ्यांना तहान लागते. बारक्या बाहेर बसतो तो त्या डाव्या हातामुळं. उंचीचा मी विषयही काढलेला नाही.

राहिले खाशाबा जाधव. हेलसिंकीत 1952 साली त्यांनी कांस्य मिळवलं ते 57 किलो गटात. समोरचा पैलवानही त्याच वजनाचा. बास्केटबॉलला उंचीचे गट नाहीत, रिंग सगळ्यांना 10 फुटांवरच. गोळेश्वरच्या माणसाला मोठं करायला बोग्ज कशाला हवा?

गंमत म्हणजे एवढ्या थापा मारणाऱ्याला खरी गोष्ट सापडलीच नाही. 1993 मध्ये बोग्जनं 7 फुटी पॅट्रिक युइंगचा शॉट ब्लॉक केला, म्हणजे हवेतच अडवला होता. अख्ख्या कारकिर्दीत त्याचे ब्लॉक 39, त्यातला हा एक.