वळ की रे बाबा!

नळ स्टॉपपासून पुढच्या बाइकचा उजवा इंडिकेटर चालू. म्हटलं, पौड फाट्याला वळेल. छे! कर्वे पुतळा आला तरी दिवा मिचकावतोच आहे आणि मी मागे जीव मुठीत धरून. शेवटी वळला पठ्ठ्या. डावीकडे!

कारचं स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो. आपल्या बहुतेक दुचाक्यांना ते सुख नाही, अंगठ्यानं बटण दाबावं लागतं. एवढंच काम. काहींनी तर बझर बसवलाय. तो बोंबलतोय आणि साहेबांच्या कानात गाणी.

(मीही विसरतो, कबूल. परवा सिग्नलला एक आजोबा म्हणाले, "अहो, वळायचंय की नुसती रोषणाई?")