टीव्ही बघता बघता होतं

मागच्या शनिवार-रविवारी आमच्या भागातल्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. दोन दिवसांचं टेबलभाडं तीन हजार. क्रोशाची पाच टेबलं आणि पाचही टेबलांवर तेच सूर्यफूल. एकाच यूट्यूब व्हिडिओवरून शिकलोय ना सगळ्या! (माझ्याकडेही सहा होती. उगाच साळसूदपणा नको.)

एका बाईंनी टोपडं-मोज्यांचा जोड उलटसुलट करून बघितला. "साडेचारशे? ऑनलाइन मशीनचं दोनशेत मिळतं."

अहो, क्रोशाचं मशीन नसतं! विणकामाची मशीनं आहेत, क्रोशासारखी दिसणारी जाळी काढणारीही आहेत. पण सुईच्या आकड्याने एकेक खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, घालत जाणारं मशीन कारखान्यांत अजून आलेलं नाही. म्हणजे दोनशेचं ते टोपडं खरंच क्रोशाचं असेल, तर तेही कुणीतरी हातानेच विणलंय. त्या दोनशेतले तिच्या हातात किती पडले असतील? हे त्यांना विचारावंसं वाटलं, पण भवानी व्हायची होती. गप्प बसले.

माझं टोपडं बारा खांबांनी सुरू होतं. दुसऱ्या फेरीत चोवीस, तिसरीत छत्तीस. एखाद्या फेरीत जास्त वाढले की कड झालरीसारखी लहरते, कमी पडले की वाटी होते, मग उसवा. पूर्ण जोडाला नऊ तास लागतात. लोकर एकशे तीसची. साडेचारशेतून ती वजा केली की तासाला पस्तीस रुपये, टेबलभाडं न धरता.

आणि शेजारच्या टेबलावर आमच्याच सोसायटीतल्या काकी. त्यांचा जोड अडीचशेला. हात माझ्यापेक्षा साफ. मी म्हटलं, "काकी, परवडतं कसं तुम्हाला?" तर म्हणाल्या, "अगं, टीव्ही बघता बघता होतं. वेळेचे कसले पैसे लावायचे?"

बाजारात गर्दी झालीय हे खरंच, पण ते मला फारसं खुपत नाही. भाजीवाल्याही एका ओळीत बसतात. पण त्यांच्यातली एकही "शेत काय, असंच पिकतं" असं म्हणत नाही.

आंध्रातल्या नरसापूरला घरोघरी क्रोशाची लेस विणतात. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात शिकवलेली, परदेशात जाणारी. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांचा अभ्यास केला, १९८२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. बायका दिवसाचे सहा-आठ तास लेस विणायच्या आणि सगळे, त्या स्वतःसुद्धा, त्याला फावल्या वेळचं काम समजायचे. मजुरी अगदी नाममात्र. व्यापारी मात्र गब्बर झाले. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या काकीच दिसल्या.

रविवारी मी चिठ्ठ्यांवर किमतीखाली तास लिहिले. 'नऊ तास.' एक आजोबा म्हणाले, "एवढे? जरा हात भरभर चालव की!" विक्री काही वाढली नाही, पण घासाघीस जरा कमी झाली. निदान मला तसं वाटलं.

सोमवारी काकींना एक छोटी वही दिली. म्हटलं, महिनाभर फक्त तास लिहा, किंमत नंतर बघू. काल डोकावले. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलंय: 'दोन मालिका, अर्धं टोपडं. जाहिरातीत उसवलं.'