‘जिल्हा कोर्टाच्या नादी लागू नका’ : सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टाबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

ज्यांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत अशा पालकांच्या गटांत सध्या एक लांबलचक मजकूर पुढे पुढे ढकलला जातो आहे. त्याचा सारांश असा : सॅन फ्रान्सिस्कोचं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयासारखं खालचं कोर्ट. तिथले न्यायाधीश निवडून येतात, म्हणून मतदारांच्या कलाने निकाल देतात. हे कोर्ट मुळात सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांच्या भांडणांसाठी आहे. याच कोर्टाने ब्रिटिशांच्या सांगण्यावरून गदरच्या क्रांतिकारकांना राजद्रोहाची शिक्षा दिली. राष्ट्राध्यक्षाचा आदेश अडवण्याचा अधिकार एका जिल्ह्याच्या न्यायाधीशाला नाही, आणि जो काही होता तो २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. शेवटी सल्ला : मुलांना सांगा, व्हिसा-नागरिकत्वासाठी या कोर्टाच्या नादी लागू नका.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची चूक. शेवटचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तो ऐकणाऱ्याचं नुकसान करणारा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘हे आपल्या जिल्हा न्यायालयासारखं खालचं कोर्ट आहे.’

या कोर्टाचं पूर्ण नाव नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट ऑफ कॅलिफोर्निया. ओरेगनच्या सीमेवरच्या डेल नॉर्टेपासून दक्षिणेला मॉन्टेरेपर्यंत १५ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे राज्याचे विभाग) त्याच्या हद्दीत येतात. सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होजे ही कामकाजाची मुख्य ठिकाणं. देशभरात अशी ९४ कोर्टं आहेत, त्यांपैकी चार कॅलिफोर्नियात.

पण हद्दीच्या आकारापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. आपल्याकडे न्यायालयांची एकच शिडी आहे : तालुका, जिल्हा, उच्च, सर्वोच्च. केंद्राचा कायदा असो वा राज्याचा, खटला त्याच शिडीने वर जातो. अमेरिकेत दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, राज्याची एक आणि संघराज्याची, म्हणजे फेडरल, एक. डिस्ट्रिक्ट कोर्ट ही संघराज्याच्या शिडीची पहिली पायरी. साक्षीपुरावा, ज्युरी, उलटतपासणी सगळं तिथेच होतं, आणि सरकारचं कृत्य घटनेला धरून आहे की नाही, हा प्रश्नही पहिल्यांदा सहसा तिथेच विचारला जातो. केंद्र सरकारच्या एखाद्या आदेशाला घटनेच्या आधारे आव्हान द्यायचं तर आपण अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट करतो, पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात जात नाही. अमेरिकेत ही दोन्ही कामं एकाच न्यायाधीशाच्या पुढ्यात येतात. हे ध्यानात न आल्यामुळेच संदेशातल्या पुढच्या बऱ्याच चुका झाल्या आहेत.

‘तिथले न्यायाधीश निवडून येतात.’

नाही. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि नेमणूक तहहयात असते. काढायचं तर प्रतिनिधिगृहाने महाभियोग चालवायचा आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. निवडणुकीला सामोरे जातात ते राज्याच्या सुपिरियर कोर्टाचे न्यायाधीश. सांता क्लारा काउंटीतल्या अशाच एका न्यायाधीशाला २०१८ मध्ये मतदारांनी मतदान करून पदावरून दूर केलं होतं. ती बातमी आणि फेडरल कोर्ट यांची कुणीतरी गल्लत केलेली दिसते.

‘हे कोर्ट सिलिकॉन व्हॅलीच्या कंपन्यांसाठी आहे.’

ॲपल विरुद्ध सॅमसंग, ओरॅकल विरुद्ध गूगल, थेरानोस या रक्तचाचणीच्या कंपनीच्या एलिझाबेथ होम्सवरचा फौजदारी खटला हे सगळं याच कोर्टात चाललं, म्हणून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण कोर्ट १८५० चं आहे. त्या वर्षी ९ सप्टेंबरला कॅलिफोर्निया राज्य झालं आणि त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने तिथे उत्तर आणि दक्षिण अशी दोन डिस्ट्रिक्ट कोर्टं स्थापन केली. १८६६ मध्ये दोन्ही एकत्र केली, १८८६ मध्ये पुन्हा वेगळी केली, आणि १९६६ मध्ये राज्याचे चार भाग पाडले. आजची हद्द त्या वर्षीची.

पहिले न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन १८५१ पासून १८९१ पर्यंत त्या खुर्चीवर होते. पहिली काही वर्षं त्यांच्यासमोर आली ती जमिनीची भांडणं. मेक्सिकोच्या राजवटीत मिळालेल्या मोठमोठ्या जमिनी, १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आल्यावर कुणाच्या, हे आधी एक आयोग ठरवायचा आणि त्यावरचं अपील या कोर्टात यायचं. पुढे १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला. बंदरात अडवून ठेवलेले चिनी प्रवासी हेबियस कॉर्पसचे, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवल्याविरुद्धचे, अर्ज घेऊन याच कोर्टात येऊ लागले, थोडेथोडके नव्हे, हजारोंनी. शहरातलं वातावरण चिन्यांच्या पूर्ण विरोधात होतं, वर्तमानपत्रं कोर्टावर तुटून पडत होती. तरी अर्ज ऐकले गेले आणि त्यातले पुष्कळसे मंजूरही झाले. निवडून येणाऱ्या न्यायाधीशाला हे किती जमलं असतं, याची मला शंका आहे.

त्यातलाच एक अर्ज वाँग किम आर्क या तरुण स्वयंपाक्याचा. जन्म सॅन फ्रान्सिस्कोतला, आईवडील चिनी नागरिक. १८९५ मध्ये चीनहून परतताना त्याला उतरू दिलं नाही आणि बंदरातल्या जहाजांवरच ठेवलं. न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी जानेवारी १८९६ मध्ये निकाल दिला, की इथे जन्मला म्हणून तो नागरिक आहे. सरकारने अपील केलं आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी तोच निकाल कायम केला. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, व्हिसावर राहणाऱ्या मराठी जोडप्याच्या तिथे जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाबद्दल आज जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू ज्या खटल्याभोवती बोलतात तो हाच, आणि तो सुरू झाला या ‘खालच्या’ कोर्टात.

‘याच कोर्टाने गदरवीरांना राजद्रोहाची शिक्षा दिली.’

अर्धं खरं वाक्य म्हणालो ते हे. खटला इथेच चालला, आणि ब्रिटिशांच्या हेरांनी त्यासाठी पुरावे पुरवले होते, हेही खरं. पण आरोप राजद्रोहाचा नव्हता, आणि तसा तो होऊच शकला नसता. ब्रिटिश सम्राटाविरुद्धचा राजद्रोह हा अमेरिकेच्या कायद्यात गुन्हाच नाही, मग अमेरिकी कोर्ट त्यावर खटला कसा चालवणार?

आरोप होता अमेरिकेचा तटस्थता कायदा मोडण्याच्या कटाचा. अमेरिकेचं ज्या देशाशी युद्ध नाही त्याच्यावर अमेरिकेच्या भूमीवरून लष्करी मोहीम काढता येत नाही, असा तो जुना कायदा. गदर ही अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांची संघटना; तिचं मुख्य ठाणं सॅन फ्रान्सिस्कोत होतं, १ नोव्हेंबर १९१३ पासून ‘गदर’ पत्र तिथूनच निघत होतं. जर्मन वकिलातीच्या पैशाने घेतलेली शस्त्रं घेऊन ‘ॲनी लार्सन’ हे जहाज मार्च १९१५ मध्ये सॅन दिएगोहून निघालं. ‘मॅव्हरिक’ नावाच्या दुसऱ्या जहाजाशी त्याची गाठ पडायची होती, ती पडली नाही. अखेर शस्त्रांसकट ते वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर पकडलं गेलं. कट जिथे शिजला तिथल्या फेडरल कोर्टात खटला, म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोत आला.

न्यायाधीश विल्यम व्हॅन फ्लीट यांच्यासमोर नोव्हेंबर १९१७ पासून एप्रिल १९१८ पर्यंत तो चालला. आरोपींत हिंदी क्रांतिकारकांबरोबर जर्मन वकिलातीचे अधिकारीही होते. शेवटच्या दिवशी भर कोर्टात रामसिंग या आरोपीने गदरचे नेते रामचंद्र यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि लगेच कोर्टाच्या बंदोबस्तावरच्या मार्शलच्या गोळीने तोही ठार झाला. ज्युरीने २९ जणांना दोषी ठरवलं. जर्मन वाणिज्यदूत फ्रान्झ बॉप यांना दोन वर्षं, तारकनाथ दास यांना २२ महिने.

आता याच चळवळीचं दुसरं टोक पाहा. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून गदरचं काम घेऊन परतले आणि मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. त्यांच्यावरचा खटला लाहोरला, भारत संरक्षण कायद्याखालच्या खास न्यायाधिकरणापुढे चालला. ज्युरी नाही, अपील नाही. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर त्यांना फाशी दिलं. पिंगळ्यांचं स्मरण ज्यांना मनापासून करायचं आहे त्यांनी लाहोरचं न्यायाधिकरण आणि सॅन फ्रान्सिस्कोचं कोर्ट एका वाक्यात कोंबू नये. सॅन फ्रान्सिस्कोत माणसं तुरुंगात गेली, लाहोरला फासावर.

या कोर्टाच्या इतिहासात डाग शोधायचाच असेल तर तो १९४२ मध्ये सापडेल. ओकलंडमध्ये जन्मलेल्या फ्रेड कोरेमात्सुने जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवणारा लष्करी आदेश पाळला नाही, म्हणून या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. सरकारने महत्त्वाची कागदपत्रं त्या वेळी न्यायालयापासून दडवली होती हे पुढे उघड झालं, आणि १९८३ मध्ये याच कोर्टाच्या न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी ती दोषसिद्धी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने मांडलेला कायदा खोडणं त्यांच्या हातात नव्हतं. एका माणसावरचा ठपका पुसणं होतं, आणि तो त्यांनी पुसला.

‘राष्ट्राध्यक्षाचा आदेश अडवता येत नाही, आणि २०२५ नंतर तर मुळीच नाही.’

इथे ताजा आणि आपल्या घराशी जोडलेला दाखला आहे. २२ जून २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बी, एल-१ वगैरे व्हिसांवर येणाऱ्यांचा प्रवेश वर्षअखेरपर्यंत थांबवला. १ ऑक्टोबरला याच कोर्टाचे न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी त्याला मनाई केली. पण कुणासाठी? दावा लावणाऱ्या संघटनांच्या सभासद कंपन्यांपुरती. तुमची कंपनी त्या संघटनेची सभासद असेल तर मनाईचा लाभ, मग कार्यालय टेक्सासात का असेना. नसेल तर तुम्ही ऐन सॅन फ्रान्सिस्कोत असलात तरी नाही. म्हणजे आदेशाची व्याप्ती ठरली ती खटल्यात कोण आहे यावरून, नकाशावरच्या हद्दीवरून नव्हे.

त्याच वर्षी १ डिसेंबरला व्हाइट यांनीच एच-१बीचं किमान वेतन एकदम वाढवणारा आणि पात्रता आवळणारा असे दोन नियम रद्द केले. कारण साधं होतं : लोकांच्या हरकती-सूचना न मागवता ते आणले होते, आणि कोरोनाच्या महासाथीची सबब त्यासाठी पुरेशी नव्हती. हे व्हाइट जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले, हे ‘डाव्या विचारांचे न्यायाधीश’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

संदेश लिहिणाऱ्याच्या शंकेत एक वाजवी गाभा आहे, तो नाकारत नाही. एका न्यायाधीशाने सगळ्या देशासाठी मनाई काढावी का, हा खरा प्रश्न आहे. स्थलांतरितांना आश्रय देणाऱ्या शहरांचा निधी तोडण्याच्या आदेशाला २०१७ मध्ये इथल्याच न्यायाधीश ऑरिक यांनी देशभर मनाई केली. २०१८ मध्ये अपील कोर्टाने आदेश बेकायदाच ठरवला, पण मनाईची देशव्यापी व्याप्ती काढून टाकली. जून २०२५ मध्ये, दुसऱ्या डिस्ट्रिक्ट कोर्टांतून आलेल्या जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हाच धागा पुढे नेला : वादींना पूर्ण दिलासा मिळेल तेवढीच मनाई, त्यापलीकडे सरसकट नाही. वादींना मिळणारी मनाई शाबूत आहे. बेकायदा नियम रद्द करण्याच्या अधिकाराला त्या निकालाने हात लावलेला नाही. एकसारख्या परिस्थितीतल्या सगळ्यांच्या वतीने सामूहिक दावा करण्याची वाटही उघडी आहे, आणि त्या निकालानंतर दोनच आठवड्यांत न्यू हॅम्पशायरच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाने ती वापरून दाखवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एच-१बीच्या १ लाख डॉलर शुल्काविरुद्धचा एक दावा सॅन फ्रान्सिस्कोच्या या कोर्टातच दाखल झाला. अधिकार संपले असते तर तिथे कुणी गेलंच नसतं.

‘मुलांना सांगा, या कोर्टाच्या नादी लागू नका.’

कोणतं काम इथलं आणि कोणतं नाही, हे मात्र मुलांना जरूर सांगा. घटस्फोट, मुलांचा ताबा, घरमालकाशी भांडण ही कामं काउंटीच्या सुपिरियर कोर्टाची. हद्दपारीची सुनावणी होते ती इमिग्रेशन कोर्टात, जे न्यायखात्याच्या, म्हणजे सरकारच्याच हाताखाली असतं. त्या हुकमावरचं अपीलही डिस्ट्रिक्ट कोर्टात येत नाही. कधी कधी एकाच तक्रारीला दोन्ही दारं उघडी असतात. सिस्को कंपनीत दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाल्याचा दावा कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने जून २०२० मध्ये आधी सॅन होजेच्या फेडरल कोर्टात लावला, मग तिथून काढून सांता क्लारा काउंटीच्या राज्य न्यायालयात नेला. तक्रार तीच राहिली, दार बदललं.

पण नागरिकत्वाच्या अर्जाबाबत हा संदेश ऐकून गप्प बसणं महागात पडेल. मुलाखत होऊन १२० दिवस उलटले आणि तरीही निर्णय आला नाही, तर अर्जदाराला थेट डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं, असं कायद्यात लिहिलेलं आहे. कोर्ट स्वतः निर्णय देऊ शकतं, किंवा सूचना देऊन प्रकरण खात्याकडे परत पाठवू शकतं. अर्ज करायचा तो आपण राहतो त्या हद्दीतल्या कोर्टात : फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, सॅन होजेवाल्यांनी नॉर्दर्न डिस्ट्रिक्टमध्ये, सॅक्रामेंटोवाल्यांनी ईस्टर्नमध्ये.